तिसरी धार

मार्च संपत आला, तळं अजून गोठलेलंच.
आनेकोस्कीतल्या माझ्या गॅरेजचं दार उघडलं
की आधी थंडी आत येते, मग माणूस.
स्टँडवर उलटा ब्लॉक, पोट वर,
आणि अकरा वर्षांनी मी पुन्हा त्याच्यासमोर.

तुझ्या भाचीनं आणलाय तो, ताउनो.
म्हणाली, हिल्का, टर्बो मोठा घालायचाय,
पिस्टनखालच्या तेलाचं काहीतरी कर.
बघते म्हटलं.
बघताना जे दिसलं ते तिला सांगितलेलं नाही.

लोकांना पिस्टनचा माथा ठाऊक असतो.
आग तिथं पडते, कौतुकही तिथंच.
पोटाखालचं कोण विचारतं?
तिथं एक बोटभर नळी,
तोंड पेनाच्या निबाएवढं,
मुख्य वाहिनीतलं तेल ती
खालून वर फेकत राहते, तापल्या तळव्यावर.
सौनात आपण दगडांवर पाणी टाकतो ते वाफेसाठी.
इथं वाफ नको, आवाज नको.
ताप अंगावर घ्यायचा आणि मुकाट खाली उतरायचं.

कंपनीनं या ब्लॉकला धारा दिल्याच नव्हत्या.
मी दिल्या, रॅलीच्या आदल्या रात्री.
हातड्रिलनं चार भोकं, चार आटे,
चार पितळी नोझल.
शेवटचं आवळलं तेव्हा साडेतीन वाजले होते,
तू खुर्चीतच झोपला होतास
हेल्मेट मांडीवर घेऊन, लेकरासारखं.

बाराव्या किलोमीटरला तिसऱ्या सिलिंडरनं मान टाकली.
मी हेड काढलं, वरून पाहिलं:
पिस्टनला नाण्याएवढं भोक.
खाली वाकून पाहिलं नाही.
म्हणाले, ताउनोनं रेटलं. गिअर उशिरा बदलतो तो.
सगळ्यांनी मान हलवली.
तूही.

परवा नोझलच्या तोंडात बारीक तार घातली.
सोपी परीक्षा आहे, शिकाऊ पोरगाही करतो:
तार जिकडे बोट दाखवते, धार तिकडे जाते.
पहिली, दुसरी, चौथी, तिघी जागेवर.
तिसरीची तार सिलिंडरच्या भिंतीकडे.
तीन मिलिमीटर. फार नाही.
भिंतीला तेल मिळत होतं, हवं तेवढं,
पिस्टन कोरडा जळत होता,
आणि मी बोट दाखवत होते तुझ्याकडे.
चोर सोडून संन्याशाला फाशी
म्हणतात ते असं, एवढ्याशा कोनात.

आता सगळं नव्यानं केलंय.
भोकं यंत्रावर, मापानं.
नोझलमध्ये स्प्रिंगची झडप,
दोन बारच्या आत ती तोंड उघडत नाही,
नाहीतर इंजिन नुसतं गुरगुरत असताना
बेअरिंगच्या वाटचं तेल धाराच पिऊन टाकतील.
पंप मोठा. पिस्टनच्या घेराला खाच,
खाली येताना नळीवर आपटू नये म्हणून.
क्रँक हातानं फिरवला, सात वेळा.
आठव्यांदाही फिरवला, गरज नसताना.

तू आता शाळेची बस चालवतोस.
परीसारखी चालवतोस म्हणे,
मागच्या बाकावरच्या पोराच्या पेल्यातलं दूध हलत नाही.
दर गिअर वेळेआधी.
हे ऐकून मी हसले होते एकदा, सगळ्यांबरोबर.

तीन दहाला बस समोरच्या थांब्यावर येते.
हात पुसलेत. नखांतलं तेल निघत नाही, राहू दे.
जुनं तिसरं नोझल खिशात आहे,
मांडीला गार लागतंय.
काय बोलायचं ते ठरवलेलं नाही,
तार मात्र बरोबर घेतलीय.